सरांचा पाय आणि मास्तरांची मांडी

मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा कबूल केलेल्या तारखेला दिला नाही. ही गोष्ट त्यांचे निंदक सांगत नाहीत, ते स्वतःच सांगतात, आणि तेही जरा मान ताठ करून. "वेळेवर दिलेला कपडा म्हणजे घाईत शिवलेला कपडा," हे त्यांचं तत्त्व. गिऱ्हाइकाने तारीख विचारली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, गळ्यातली टेप काढून पुन्हा गळ्यात घालत आणि "बुधवारी बघू" म्हणत. कुठल्या बुधवारी, हे विचारायची त्या दुकानात पद्धत नव्हती.

त्यांचं बुद्धिबळ या तत्त्वातूनच उगवलं. बुधवारी आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी कापडाच्या ठाणांशेजारी एक पट मांडून ठेवला. "बसा, एक डाव होईपर्यंत बटणं लागतात." डाव व्हायचा. बटणं लागायची नाहीत, कारण बटणं लावणारा माणूस समोर बसून डाव खेळत असायचा. अशा रीतीने मास्तर शहरातल्या बऱ्याच जणांशी खेळले आणि बऱ्यापैकी खेळायला शिकले. गिऱ्हाइकं तुटली नाहीत. हरलेला माणूस परतफेड करायला पुन्हा येतोच, आणि येताना एखादं कापड घेऊन येतो.

त्यांची खेळण्याची रीतही धंद्यातलीच. मोहरा हलवण्याआधी ते पटावर वितीने अंतर मोजत, जणू हत्तीला कमरेत दोन बोटं सैल हवी आहेत. मारलेलं प्यादं टेबलावर न ठेवता ओठांत धरत. चाळीसएक वर्षं तिथे टाचण्या धरलेल्या. ओठांना रिकामं बसवत नसे.

सर त्यांच्या दुकानात आले ते एका पँटसाठी. सरांची मोटार शिकवण्याची शाळा होती. ही पँट अर्थातच तयार नव्हती. एक डाव झाला. पुढच्या आठवड्यात दुसरा झाला. सर दर वेळी डाव हरून, पँट विसरून घरी जात. शेवटी पँट खरोखरच शिवून झाली (हा मास्तरांनाही धक्का होता), तेव्हा ती न्यायला सरांनी मुलाला पाठवलं. गल्ल्यापाशी मास्तरांची मुलगी काजं करत बसली होती. मुलाने त्या दिवशी पँट नेली आणि वर्षभराने मुलगीही नेली. ते लग्न ठरल्या दिवशी पार पडलं, कारण तारीख मास्तरांच्या बायकोने ठरवली होती. सरांचा कोट मात्र लग्नानंतरच्या बुधवारी मिळाला.

अशा रीतीने गिऱ्हाईक व्याही झालं आणि दुकानातला डाव लेकीच्या घरी, रविवारच्या चहावर जाऊन बसला. तिथेही मास्तर जिंकत आणि सर हरत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. काही घरांत एकजण बोलतो आणि एकजण ऐकतो, तसंच हे.

आता सरांच्या पायाबद्दल सांगायला हवं.

शिकवण्याच्या मोटारीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी. सरांनी उभी हयात त्या दुसऱ्या ब्रेकवर काढली. ते ओरडत नसत, स्टिअरिंगला हात लावत नसत. हात मांडीवर, नजर समोर. शिकणारा चुकणार असं दिसलं की फक्त उजवा पाय खाली जाई. गाडी थांबे. सर म्हणत, "हं. आता मागे बघून परत सुरू करा." किती खांब, किती कुत्री आणि किती सासवा त्या पायामुळे वाचल्या, याची मोजदाद नाही.

सर निवृत्त झाले, गाडी विकली, पाय मात्र निवृत्त झाला नाही. सून भांड्यात दूध जरा काठोकाठ ओतायला लागली की सोफ्यावर बसलेल्या सरांचा पाय फरशीवर दाबला जाई. बातम्यांत एखादा पुढारी बोलताना घसरणार असं दिसलं, की पुन्हा तेच. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. घरच्यांना सवय होती. घड्याळाचा ठोका जसा रोजच्या कानाला ऐकू येत नाही, तसा तो "धप" घरात कुणालाच ऐकू येत नसे.

मास्तरांनाही येत नव्हता. निदान त्यांची तशी समजूत होती.

मग एकदा सरांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर इस्त्री पडली. मास्तर रविवारी गेले तेव्हा सर स्टुलावर उशी, उशीवर पाय आणि पायावर प्लॅस्टर अशा थाटात बसले होते. तीन डाव झाले. मास्तर तिन्ही हरले, आणि साधे हरले नाहीत. एका डावात वजीर उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला, दुसऱ्यात हत्ती विसरले, तिसऱ्यात काय झालं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

लेक दारापर्यंत सोडायला आली. "बाबा, किती चांगले आहात तुम्ही. आजारी माणसाला जिंकू दिलंत."

आतून सरांचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय! मास्तर, मला दयामाया नको. पुढच्या वेळी नीट खेळा!"

मास्तर घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत असताना त्यांचा हात थांबला. त्या तीन डावांत काहीतरी कमी होतं. काय, तर आवाज. इतकी वर्षं मास्तर चुकीच्या मोहऱ्याकडे हात नेत, टेबलाखाली "धप" होई, त्यांचा हात आपोआप मागे येई आणि ते दुसरी खेळी करत. सर समोरच्याला वाचवत होते. समोरचा हा शिकाऊ नसून शत्रू आहे, हे त्यांच्या पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी जिंकलो ते त्यांच्याच पायाने," मास्तर बायकोला म्हणाले.

बायको फुटाण्यासारखी तडकली. "मग? त्यांचा पाय, ते दाबतात. तुम्ही काय खेचलात का तो? गप्प बसा आणि जिंकत राहा."

"हे बरोबर नाही गं."

"लोकांचे कपडे तीन-तीन महिने अडवता तेव्हा बरोबर-चूक कुठे जातं?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून पुन्हा गळ्यात घातली. बायकोच्या बहुतेक प्रश्नांवर ते हेच करत.

आणि नेमक्या याच सुमाराला ज्येष्ठांची स्पर्धा आली.

ही स्पर्धा शहरातला क्लब दरवर्षी ग्रंथालयाच्या माडीवर भरवतो. वयाची पासष्टी ओलांडलेले खेळाडू, त्यांचे चष्मे, त्यांच्या गोळ्या आणि त्यांची मतं, असा सगळा सरंजाम तिथे असतो. त्यातून चौघांचा संघ निवडला जातो आणि तो बाहेरगावच्या सामन्यांना जातो. यंदाचे सामने समुद्रकाठच्या गावी होते. चार दिवस, हॉटेलात, दोघांची खोली. सोबत एक माणूस नेता येतो.

मास्तरांनी बायकोला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षीच. त्याचीही तारीख "बुधवारी बघू" अशीच पडली होती. ती बिचारी दर वर्षी विचारायची आणि दर वर्षी कुणाच्या तरी घरचं लग्न, कुणाचे तरी बारा कोट मध्ये यायचे. अलीकडे तिने विचारणं सोडलं होतं. मास्तरांना तेच जास्त लागलं होतं. तगादा लावणारं गिऱ्हाईक परवडतं. जे यायचंच थांबलं, ते तुटलं असं समजावं.

शेवटच्या फेरीआधी तीन जागा भरल्या होत्या, चौथी उरली होती. मास्तरांना ती मिळवायला अर्धा गुण पुरे होता, म्हणजे हरायचं नाही, एवढंच. ती हिसकावून घेऊ शकणारा माणूस एकच होता. तो जिंकला तर तो जाणार. फलकावर जोड्या लागल्या आणि मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. समोर सर. अंगठा बरा झालेला, पाय मोकळा.

त्या सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, हरू नका हं. आईचा समुद्र आहे."

"बरं."

"आणि पप्पांना हरवूही नका. मला इथे राहायचंय."

"म्हणजे करू काय?"

"ते तुम्ही बघा. बुद्धी तुमच्या खेळात आहे, माझ्या नाही."

माडीवर पोचले तर औषधवाले जिन्यातच उभे. औषधवाल्यांचं दुकान मुलाकडे गेलं होतं आणि त्यांची स्पर्धा तिसऱ्या फेरीतच संपली होती. त्यामुळे दुसऱ्यांच्या डावांवर बोलायला त्यांना वेळच वेळ होता. "या, या! व्याही-व्याही!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दहा खेळ्या करतील, हात मिळवतील. चहा गार व्हायच्या आत बरोबरी. लिहून घ्या."

मागून येणाऱ्या सरांनी ते ऐकलं. त्यांचे कान लाल झाले. टेबलापाशी बसता बसता ते खाली वाकून म्हणाले, "मास्तर, बरोबरीचं नाव काढायचं नाही. काढलंत तर रविवारी घरी येऊ नका."

"मी कशाला काढू? तुम्ही काढू नका म्हणजे झालं."

झालं. ज्याला अर्धा गुण पुरत होता त्याने तो मागायचा नाही, आणि ज्याने द्यायचा त्याने देऊ करायचा नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं. अब्रूचा प्रश्न आला की शहाणी माणसं साधारण असंच वागतात.

डाव सुरू झाला. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. थोड्या खेळ्या झाल्या आणि मास्तरांचा हात उंटाकडे गेला. बोट अजून टेकलंही नव्हतं, तोच फळ्यांतून त्यांच्या तळव्यांना कळलं: धप. हात मागे आला. त्यांनी नीट बघितलं. उंट हलला असता तर मागचा हत्ती उघडा पडला असता.

मास्तरांना घाम फुटला. सरांकडे बघितलं, सरांचा चेहरा कोऱ्या कापडासारखा. सरांना सांगावं, तर ते उरलेला डाव पटाकडे न बघता पायाकडे बघत खेळतील. तेही अन्यायाचंच. न सांगावं, तर डाव दोघांचा आणि डोकं एकाचंच. मास्तरांनी क्षणभर समुद्राचा विचार केला. मग कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून खिशात टाकलं, आणि दोन्ही पाय वर उचलून खुर्चीवर चक्क मांडी घातली. उमेदवारीच्या दिवसांत ते असेच कापण्याच्या फळीवर बसत. गुडघ्यांनी जुन्या आठवणींबद्दल तक्रार केली, पण बसले.

पंचबाई लगेच आल्या. या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. शिट्टी अजून गळ्यात.

"पाय खाली."

मास्तरांना ऐकू आलं नाही. बाईंनी बोटाने दाखवलं.

"नियम आहे का तसा?" मास्तरांनी विचारलं, यंत्र नसल्यामुळे जरा मोठ्यानेच. सगळी माडी वळली.

बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. बुद्धिबळात हाताबद्दल पानंच्या पानं आहेत. पायांबद्दल लिहिणाऱ्यांना काही सुचलेलं दिसत नाही. बाईंनी पुस्तक मिटलं. "बूट तरी काढा. खुर्ची ग्रंथालयाची आहे."

मास्तरांनी बूट काढले, पुन्हा मांडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांशी एकट्याने खेळायला सुरुवात केली. चौथ्याच खेळीला त्यांनी घोडा फुकट दिला.

टेबलाखाली पाय दाबला गेलाच असणार. तो या वेळी फक्त फळ्यांना कळला.

सरांनी घोडा घेतला. मग मास्तरांकडे संशयाने बघितलं. "मुद्दाम?" त्यांनी ओठांनी विचारलं. मास्तरांनी अशी काही मान हलवली, की तेवढं दुःख कुणाला सोंग म्हणून आणता येणार नाही. सरांची खात्री पटली. ते खुशीत आले आणि पुढे सरसावून बसले.

भिंतीपाशी औषधवाले कुजबुजले, "मास्तर विकले गेले. व्याह्याला जिंकून देतायत." बरोबरी होईल म्हणून आधी जी लबाडी होती, ती आता बरोबरी होत नाही म्हणून लबाडी झाली.

त्यानंतर मास्तर जे खेळले ते म्हणजे विरलेल्या कापडाला रफू. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं. ओठांत एक प्यादं, तोंडाला कोरड. बाकीची टेबलं एकेक करून रिकामी झाली, चहा आला, गार झाला, आणि ज्येष्ठ मंडळी काठ्या टेकत या एका टेबलाभोवती जमली. सर शांतपणे मोहऱ्याला मोहरा उडवत होते. रस्त्यावर वाहतूक कमी, तर अपघात कमी.

शेवटी मास्तरांकडे राजा आणि एक प्यादं उरलं. सरांकडे राजा, उंट आणि दोन प्यादी: एक पटाच्या मध्यावर, एक अगदी कडेला. आपल्या दोनांतलं एक देऊन मास्तरांचं शेवटचं प्यादं संपवायचं, मग उरलेलं पुढे नेऊन त्याचा वजीर करायचा, की डाव खलास. प्रश्न एवढाच, की द्यायचं कुठलं आणि ठेवायचं कुठलं.

सर विचारात पडले. ज्या माणसाने हजारो शिकाऊंना "मध्ये घुसू नका, कडेने चला" हेच सांगितलं, त्याने काय केलं असेल? त्यांनी मधलं दिलं आणि कडेचं ठेवलं.

स्वतःच्या चुकीला मात्र त्यांचा पाय दाबला गेला नाही. तो फक्त दुसऱ्यांसाठी होता.

कारण असं. कडेच्या प्याद्याला वजीर व्हायचं तर कोपऱ्यातल्या घरात पोचावं लागतं. ते घर काळं होतं. सरांचा उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा. मास्तरांचा राजा आधी त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तिथून हुसकावणं उंटाच्या बापालाही जमणार नव्हतं. मास्तरांना हे दिसलं. त्यांनी हवेत एक वीत मोजली, राजा ते कोपरा. पुरत होती. जेमतेम, पण पुरत होती. राजा निघाला तो तडक, आणि प्याद्याच्या आधी एक पाऊल कोपऱ्यात शिरला. जुन्या भाडेकरूसारखा शिरला. कोपरा आणि शेजारचं घर, शेजारचं घर आणि कोपरा. बाहेर यायचं नावच नाही.

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. मग दोघांनाही कळलं, की दुसऱ्याला कळलंय. आता कुणीतरी "बरोबरी?" म्हणायला हवं होतं. मास्तर छताकडे बघू लागले. सर खिडकीकडे.

पंचबाई वाकून म्हणाल्या, "दोघांपैकी कुणी काही सुचवणार आहे का?"

"नाही," सर म्हणाले.

"काय?" मास्तर म्हणाले.

येरझारा चालूच राहिल्या. उंट पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालून आला. राजा कोपऱ्यात हवा खात बसला. एका आजोबांना डुलकी लागली, ते उठले आणि "अजून तेच?" म्हणून पुन्हा झोपले. शेवटी सरांनी एक लांब श्वास घेतला आणि प्यादं एक घर पुढे ढकललं, राजाच्या नाकासमोर.

राजाला शह नव्हता. पण त्याला पाऊल ठेवायला एकही घर उरलं नव्हतं, आणि मास्तरांकडे हलवायला दुसरं काही नव्हतं. याला स्टेलमेट म्हणतात. इथे कुणी कुणाला काही विचारत नाही, नियमच डाव थांबवतो.

"बरोबरी," पंचबाई म्हणाल्या. "नियमाने." आणि त्यांना राहवेना, म्हणून शिट्टी वाजवली.

टाळ्या पडल्या. औषधवाले सगळ्यांत मोठ्याने वाजवत होते. "मी म्हटलं नव्हतं? बरोबरीच होणार म्हणून?"

मास्तरांना उठता येईना. मांडी इतका वेळ घातली होती, की पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले होते. सरांनी वळसा घालून त्यांना काखेत धरलं, बूट पुढे सरकवले.

"आता सांगा," सर कानाशी ओरडले. "पाय वर का घेतले होते? मूळव्याध?"

मास्तरांनी यंत्र कानात घातलं आणि सगळं सांगितलं. ब्रेक, इस्त्री, तीन डाव, फळ्या. सर ऐकत होते. त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं, जणू कामावरचा जुना माणूस चोरीत सापडला आहे.

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"दर डावाला?"

"दर चुकीला. डावाला तीन-चार तरी."

सर खुर्चीत बसले. चेहरा लाल झाला, खांदे हलायला लागले. मास्तर घाबरून पंचबाईंकडे बघणार, तोच सरांच्या तोंडून हसू फुटलं. चष्मा काढावा लागला. "म्हणजे मी चांगला खेळतो!" ते म्हणाले. "मास्तर, मी चांगला खेळतो हो! मला वाटायचं आपल्याला डोकंच नाही!" आणि डोळे पुसून, आवाज खाली आणून, "आणि ब्रेक अजून लागतो म्हणता? फळ्यांतून कळतो?"

"कडक लागतो."

"अरे वा," सर म्हणाले. चौथी जागा गेल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आलं तेव्हा ते म्हणाले, "जा तुम्ही. मी घरी सगळ्यांना हरवून ठेवतो तोवर."

मास्तरांची बायको खाली वाचनालयात थांबली होती. जिन्यावरून एकमेकांना आधार देत उतरणारे दोघे व्याही बघून तिला वाटलं, हाणामारी झाली.

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही," मास्तर म्हणाले.

"कोण हरलं?"

"कुणीच नाही."

"मग एवढा वेळ वर काय करत होतात?"

"तुझा समुद्र आणत होतो," मास्तर म्हणाले. "पुढच्या महिन्यात. तारीख क्लबाने ठरवली आहे, मी नाही."

तिने हातातलं मासिक मिटून जागेवर ठेवलं, मग दुसऱ्या कुणीतरी वेड्यावाकड्या टाकलेल्या चार मासिकांच्या कडाही सरळ केल्या. सर मध्येच म्हणाले, "वहिनी, मी हरवतच होतो यांना," तर ती म्हणाली, "माहीत आहे." मास्तरांनी कोट चढवला. तिने त्याची कॉलर मागून नीट केली आणि हात तिथेच जरा राहू दिला.

"तिकडे रोज डाव असतो?" तिने विचारलं.

"रोज एक."

"किती वेळ चालतो?"

"आजच्याएवढा. समोरचा चांगला असला तर जास्तच."

तिने थोडा विचार केला. "मग तिकडे जरा लवकर हरत जा," ती म्हणाली.